मागल्या दारी विमल

मंडळी, ऐका. आज मी निरूपणाला अभंग घेतलेला नाही, प्रश्न घेतलाय. प्रश्न अगदी साधा आहे, शाळेतल्या पोरानंही उत्तर द्यावं असा. दार उघडं ठेवलं, म्हणजे सगळ्यांना आत येता येतं का?

बोला की! एरवी चहाच्या टपरीवर देशाचं राजकारण सोडवता, आणि इथं गप्प? समोर आमचे वकीलसाहेब मान हलवताहेत. म्हणजे 'येतं'. बरोबर आहे त्यांचं. वकिलाच्या घरात आत सगळ्यांनाच येता येतं, बाहेर कधी पडायचं एवढाच प्रश्न असतो! हसा, हसून घ्या आत्ताच. पुढं मी फारसं हसू देणार नाही. खरं सांगतो, हे आख्यान सांगताना मलाच आत कुठंतरी धाकधूक होते. शेवट माहीत असूनही होते.

पेटीवाले, काळी दोन धरा. दोन ओळी म्हणतो. मीच जुळवल्यात, यमक जुळलं तर मान डोलवा, नाही जुळलं तर देवाकडं बघा.

दार उघडे, दिवा आत।
उंबऱ्याशी थरथरे हात॥

झालं, एवढंच आपलं पद. आता गोष्ट.

एक गाव होतं, वडगव्हाण. कापसाचं गाव. जिनिंगचा भोंगा वाजला की गाव उठायचं आणि भोंगा वाजला की जेवायचं. त्या जिनिंगचे मालक बापूसाहेब रणदिवे. गावाच्या वरच्या अंगाला त्यांचा बंगला, पुढं बाग, फाटकाला पितळी कड्या. माणूस सज्जन. हे मी टोमणा मारून म्हणत नाही हं, खरंच सज्जन. त्यांनी वडिलांच्या नावानं एक चांगलं काम सुरू केलं होतं. दर वर्षी गावातली एक हुशार मुलगी शहरातल्या कन्याशाळेत पाठवायची. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, कपडे-पुस्तकं सगळं बापूसाहेबांकडून, मॅट्रिक होईपर्यंत. अट एकच, मुलगी बारा वर्षांच्या आतली हवी. बाप काय करतो, कोणत्या आळीत राहतो, काही विचारणार नाहीत. गावात दवंडी दिली होती, की या कामाला बापूसाहेबांचं दार सर्वांना उघडं आहे.

आता याच गावात नदीच्या अंगाला मारुती परटाची भट्टी. मारुती कपडे उकळायचा, धुवायचा, आणि त्याची बायको कौसाबाई गाठोडी घरोघर पोचवायची. बंगल्याचे कपडे त्यांच्याकडंच. बापूसाहेबांचं धोतर, माईसाहेबांची पातळं, पाहुण्यांच्या चादरी. या दोघांना एकच लेक, विमल.

बंगल्यावर परटीण कुठून जाते? सांगा बरं. पुढच्या दारानं? छे! मागं एक लहान फाटक, तिथून आत, आडाला वळसा घालून पडवीत यायचं. पडवीला स्वयंपाकघराचं मागचं दार. त्या उंबऱ्याबाहेर गाठोडं ठेवायचं आणि थांबायचं. हाक मारायची नाही. खोकायचंसुद्धा नाही. आतलं माणूस मोकळं झालं की तेच बोलावतं, कपडे मोजून घेतं, मळके देतं. कौसाबाई लग्न होऊन आली, त्याच आठवड्यात सासूनं तिला हे शिकवलं. 'बोलावल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई.' पूर्वी एक परटीण कुणी नाही बघून आत गेली होती म्हणे. नेमकी त्याच दिवशी घरातली चांदीची वाटी सापडेना. वाटी पुढं सापडली, पण तिचं काम गेलं ते गेलंच. तेव्हा मंडळी, कौसाबाईला भोळी म्हणू नका. तिच्या घरची चूल त्या नियमावर पेटत होती. आणि विमलला पाय फुटले तसा तिनं तो नियम विमललाही शिकवला. आपण नाही का पोरांना शिकवत, रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघ? तितक्याच मायेनं शिकवला.

विमल पोरगी कशी? गणितात पुढं, पाठांतरात पुढं. भट्टीपाशी बसून राखेत बोटानं हिशेब मांडायची. तिच्या शाळेत ताम्हणेबाई म्हणून मास्तरीण होत्या. त्यांचा विमलवर फार जीव. एके दिवशी त्या स्वतः चालत भट्टीवर आल्या. धुरात उभं राहून, डोळे पुसत त्यांनी मारुतीला आणि कौसाबाईला समजावलं. म्हणाल्या, रविवारी सकाळी बंगल्यावर मुलाखत आहे, शहरातून कन्याशाळेच्या मोठ्या बाई, कर्णिकबाई, येणार आहेत, मी विमलचं नाव दिलंय, आणि मी छातीवर हात ठेवून सांगते की हिच्यासारखी दुसरी मुलगी या गावात नाही. पोरीला न्हाऊमाखू घाला, स्वच्छ कपडे घाला आणि वेळेवर आणा.

परटाच्या घरी जाऊन सांगतात, स्वच्छ कपडे घाला! बाई भल्या, पण मास्तरीणच ना. सूचना दिल्याशिवाय पाय निघत नाही.

सगळं सांगितलं बाईंनी. काय विचारतील, समोरच्याच्या डोळ्याकडं बघून कसं बोलायचं, नमस्कार कुणाला आधी करायचा. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. आणि का सांगतील? ती सांगावी लागते, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

इथं जरा थांबू. त्याच गावात कचेरीतले हेडक्लार्क गोविंदराव. त्यांची मुलगी सुनंदा, तीही हुशार, तीही मुलाखतीला. शनिवारी संध्याकाळी गोविंदराव फिरत फिरत लेकीला घेऊन बंगल्यावर गेले. बापूसाहेबांना नमस्कार केला, पाणी प्यायले. म्हणाले, उद्या पोर घाबरायला नको, जरा दिवाणखाना दाखवू का? बापूसाहेब म्हणाले, अवश्य! मग पोरीला दाखवलं, टेबल इथं असेल, तू इथं उभी राहा, बाईंच्या डोळ्याकडं बघून बोल. आता सांगा, गोविंदरावांचं काही चुकलं? लाच दिली? वशिला लावला? मुळीच नाही. बाप होता, बापाचं काम केलं. फरक एवढाच, की असं जाऊन विचारता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बापालाही ठाऊक होतं. हे ठाऊक असणं हीसुद्धा एक इस्टेट असते मंडळी, आणि ती वारसानं मिळते. तिच्यावर कुणी कर लावत नाही.

रविवार उजाडला. कौसाबाईनं विमलच्या डोक्याला तेल थापलं, लाल रिबिनी बांधल्या. पांढरा फ्रॉक आदल्या दिवशीच खळ घालून, इस्त्री करून दांडीवर ठेवला होता. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवली, आज पहिल्यांदा आपल्या पोरीसाठी फिरवली. मारुतीनं लेकीच्या हातावर गूळ ठेवला. मग तो भट्टीकडं तोंड करून उभा राहिला.

मायलेकी बंगल्यापाशी आल्या. पुढचं फाटक सताड उघडं. दाराला आंब्याचं तोरण, पायरीवर रांगोळी. एक मोटार उभी. कुणी कुणी आपल्या मुलींना घेऊन आत चाललेलं. कौसाबाईनं हे सगळं पाहिलं. पाहिलं, आणि तिचे पाय कुंपणाच्या कडेनं मागच्या बाजूला वळले! तिनं वळवले नाहीत, ते वळले. मनात विचारसुद्धा आला नाही, की आपण काही ठरवतोय.

विमल म्हणाली, "आई, पुढून न्हाई जायाचं?"

"पाव्हणे आलेत ना माय. मागून जाऊ. बोलावतील की."

ऐकलंत? बोलावतील. या एका शब्दावर आता अख्खी सकाळ जाणार आहे. मृदंगवाले, हलकेच ठेका धरा, छातीत धडधडतं तसा.

मायलेकी पडवीत बसल्या. दाराच्या आत स्वयंपाकघर, त्यापलीकडं लांबलचक बोळ, आणि बोळाच्या टोकाला पडदा. पडद्यापलीकडं दिवाणखाना. तिथले आवाज अस्पष्ट ऐकू येत होते. खुर्च्या सरकवल्याचा आवाज, कुणाचं तरी हसणं. विमल ओठांतल्या ओठांत नद्यांची नावं घोकत होती. कौसाबाई दाराकडं डोळे लावून बसली होती. कुणीतरी येईल, म्हणेल, चला, तुमची पाळी.

आणि आलं की कुणीतरी! स्वयंपाकीण वत्सलाबाई बाहेर डोकावल्या. मायाळू बाई. म्हणाल्या, अगंबाई कौसा, आज रविवारची? बस बस, आज आत फार गर्दी आहे, मोकळी झाले की बघते. कोनाड्यातला वेगळा कप काढला, चहा दिला, पोरीला दोन बिस्किटं दिली. आणि वळून गेल्या. पोळ्या खोळंबल्या होत्या बिचारीच्या.

कौसाबाईला वाटलं, आपण आलोय हे आत कळलं. बरं झालं. आता सांगतील त्या आत. तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

थोड्या वेळानं दुसरा आला. गणपत, बंगल्यावरचा जुना गडी. घाईत, घाम पुसत. त्याच्या हातात भली मोठी पांढरी चादर. कौसाबाईला बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "देवासारखी आलीस बघ. पाव्हणीबाईंच्या टेबलावर घालायचीय, आन् नुसत्या सुरकुत्या. तेवढी इस्त्री मार पटकन."

कुणाचं टेबल? ज्या टेबलासमोर विमलनं उभं राहायचं, तेच टेबल! कौसाबाई 'आम्ही त्याच्यासाठीच आलोय' म्हणेल म्हणता? तिला वाटलं, आधी काम करावं, मग बोलावं. काम सोडून बोलणं बरं दिसत नाही. तिनं बंगल्याची इस्त्री घेतली, विमलला म्हणाली, कोळसे घाल गं. पोरीनं निखारे भरले. फुंकर मारली. मायलेकींनी मिळून ती चादर अशी केली, की तिच्यावर मोहरी ठेवली तरी घरंगळत जावी. गणपत घेऊन गेला. आणि कौसाबाईनं वर पाहिलं, तर विमलच्या पांढऱ्या फ्रॉकवर, बरोबर पोटावर, कोळशाचा पट्टा.

पुसला तर पसरला. पाणी लावलं तर करडा झाला. परटीण आहे हो ती! अख्ख्या गावाचे डाग काढणारी. पण डाग काढायला साबण लागतो, ऊन लागतं, वेळ लागतो.  विमल म्हणाली, असू दे आई, मी हात असा पुढं धरून उभी राहीन. पोरीनं हात धरून दाखवला. कौसाबाईनं तोंड फिरवलं.

आतून आता मुलींचे आवाज यायला लागले. एक मुलगी कविता म्हणत होती. टाळ्या वाजल्या. मग दुसरं नाव पुकारलं गेलं, मग दुसरा आवाज. कौसाबाई उंबऱ्याजवळ सरकली. तिला वाटे, उठावं, आत जाऊन सांगावं. लगेच वाटे, आणि रागावले तर? आज घरी मोठे लोक आलेत, त्यांच्यासमोर आपण बोळात घुसलेल्या दिसलो, आणि माईसाहेबांचं तोंड उतरलं तर? बंगल्याचं काम गेलं तर भट्टीत काय घालायचं? आणि मुलगी शहरात जायची ती जायची, आपण मागं इथंच राहणार. मंडळी, तुम्ही म्हणाल, एवढा काय विचार करायचा, उठून जायचं! तुम्ही म्हणाल. तुमचं काय जाणार आहे?

मग तिसरं माणूस आलं. खुद्द माईसाहेब! फराळाच्या बशा बघायला स्वयंपाकघरात आल्या, आणि त्यांची नजर बाहेर गेली. कौसाबाई झटकन उठून उभी राहिली. पोरीला उठवलं. वाटलं, आली घटका.

माईसाहेब हसून म्हणाल्या, "कौसा, आज कशी आलीस?"

विचारलं बरं का! त्यांनी विचारलं. कौसाबाईनं पदर सावरला. एवढ्या वर्षांत माईसाहेबांशी ती कपड्यांखेरीज काही बोलली नव्हती. शब्द गोळा करायला तिला क्षणभर लागला. म्हणाली, "लेकीला घेऊन आले जी..."

"हो का? किती मोठी झाली. हाताखाली येते ना तुझ्या? छान. जेवून जा गं दोघी, आज श्रीखंड आहे." आणि तेवढ्यात दिवाणखान्यातून कुणी हाक मारली, माईसाहेब 'आले आले' म्हणत गेल्या.

गेल्या. कौसाबाईचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

या गोष्टीत वाईट माणूस शोधत असाल, तर शोधू नका. एकही नाही. चहा दिला, बिस्किटं दिली, श्रीखंडाचं आमंत्रण दिलं. कुणी 'चालती हो' म्हटलं असतं, तर कौसाबाई भांडली तरी असती! मला भीती वाटते ती याचीच, की सगळे इतके चांगले होते.

आणि तिकडं दिवाणखान्यात? ताम्हणेबाई पुढच्या दाराकडं बघून बघून थकल्या होत्या. दोनदा उठून फाटकापर्यंत जाऊन आल्या, रस्त्यावर लांबवर बघितलं. का नाही आली? आजारी पडली? बापानं नाही म्हटलं? एकाच छपराखाली बसलेत मंडळी! मध्ये एक बोळ आणि एक पडदा. एकजण पुढच्या दाराकडं डोळे लावून, एकजण मागच्या. आणि मागंही दार असतं, तिथंही कुणी वाट बघत असेल, हे त्या मास्तरीणबाईंच्या मनात आलं नाही. कारण त्या बंगल्यावर मागून कधी आल्याच नव्हत्या.

आणि मग... मृदंग बंद करा. मग बोळातून आवाज आला. "विमल मारुती राऊत."

विमल ताडकन उठली. "आई, माझं नाव!"

कौसाबाईनं तिचं मनगट धरलं. "थांब. बोलवाया येतील कुणीतरी."

"आई, बोलावलं की!"

"आत न्हाई जायाचं तसं. येतील. थांब जरा."

पुन्हा नाव आलं, जरा मोठ्यानं. पोर मनगट ओढतेय. आई सोडत नाहीये. आईचा हात थंडगार पडलाय आणि पकड लोखंडासारखी. डोळे दारावर. येईल, आता पडदा हलेल, गणपत येईल, वत्सलाबाई येतील, कुणीतरी येईल! आणि आत कुणीतरी म्हणालं, आलेली दिसत नाही. कर्णिकबाईंनी चष्मा काढला. ताम्हणेबाई म्हणाल्या, थोडं थांबता का? थांबले. खरंच थांबले ते. चहा झाला, गप्पा झाल्या. शेवटी गाडीची वेळ झाली, आणि मग टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजल्या.

त्या टाळ्या ऐकल्या आणि कौसाबाईचा हात आपोआप सुटला. कशाच्या टाळ्या आहेत ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

आणि ती उठली. मंडळी, ती बाई उठली! लेकीला धरलं आणि तो उंबरा ओलांडला. वत्सलाबाई म्हणाल्या, अगं अगं, कुठं? तिला ऐकू आलं नाही. इतकी वर्षं त्या घरचे कपडे तिनं धुतले, पण घर तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. स्वयंपाकघर, कोठी, देवघराचं दार, तो बोळ. तिला वाटत होतं, मागून कुणीतरी आता खांदा धरणार. पडदा बाजूला केला, तर सगळ्यांच्या पाठी! समोर बसलेल्या लोकांच्या मागून आल्या ना. एकेक मान वळली. टेबलापाशी सुनंदा उभी, हातात पेढा. बापूसाहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून होते.

ताम्हणेबाई किंचाळल्याच जवळजवळ. "विमल! कुठं होतात तुम्ही?"

"हितंच, बाई. सकाळपास्नं." कौसाबाईनं मागं बोट दाखवलं.

 कर्णिकबाई करारी बाई, पण निर्दय नव्हत्या. त्यांना मनापासून नवल वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "अहो, समोरचं दार तर उघडंच होतं. तिथून का नाही आलात?"

काय सांगेल कौसाबाई? तिनं तोंड उघडलं. मिटलं. वकीलसाहेब, तुम्ही मघाशी मान हलवली होती, तुम्ही द्या उत्तर तिच्या बाजूनं! नाही सुचत ना? तिलाही नाही सुचलं. माईसाहेब हळहळून म्हणाल्या, अगं, मी विचारलं होतं तुला, तेव्हा का नाही बोललीस?  विमल तेवढी हात पोटावर धरून उभी होती, आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणं कर्णिकबाईंच्या डोळ्याकडं बघत होती. अजून तिला वाटत होतं, विचारतील.

नाही विचारलं. कर्णिकबाई बापूसाहेबांकडं वळून हळूच म्हणाल्या, निकाल सांगून झालाय, त्या मुलीच्या हातातला पेढा आता काढून कसा घ्यायचा? खरंच आहे, कसा घ्यायचा? सुनंदानं काय पाप केलं होतं? बापूसाहेब म्हणाले, पुढच्या वर्षी आणा हं हिला, नक्की आणा, अगदी पहिलं नाव हिचं. ताम्हणेबाई खाली बघत म्हणाल्या, पुढच्या वर्षी हिला बारा पुरी होतील.

संपलं. लोक उठले. खुर्च्या सरकल्या. मायलेकी आल्या तशा बोळानं परत निघाल्या. हो, बोळानंच! पुढचं दार चार पावलांवर होतं, पण त्या मागल्याच दारानं गेल्या. पडवीत गणपत मागून धावत आला. त्याच्या हातात तीच टेबलावरची चादर, आता तिच्यावर चहा सांडलेला. म्हणाला, आलीच आहेस तर नेतेस का ही धुवायला? कौसाबाईनं घेतली. घडी घालून डोक्यावर ठेवली. आणि नदीकडं चालायला लागली.

पुढं विमल सातवीपर्यंत शिकली, कारण गावात शाळाच तेवढी होती. मग भट्टीवर. मग तिचंही लग्न झालं, परटाच्याच घरी. कौसाबाई म्हातारी होईपर्यंत एकच गोष्ट स्वतःला विचारत राहिली. बोलावलं होतं, नाव घेतलं होतं, पोर निघाली होती, आणि माझ्या हातानं तिचं मनगट का धरलं? लेकीनं कधी बोलून दाखवलं नाही. पण आईचा हात हातात आला की विमल तो हळूच सोडवून घ्यायची. कौसाबाईला ते कळायचं.

मी म्हणतो, कौसाबाई, तो हात तुझा एकटीचा नव्हता गं माय! 'थांब तिथं, बोलावते' म्हणणाऱ्या किती तोंडांनी मिळून तो घडवला होता. पिढ्यान्‌पिढ्या घडवला होता. आणि मग एका रविवारी आम्ही दाराला तोरण लावलं आणि म्हणालो, या की, उघडं आहे! नाही आलात? मग तुमची हुशारी कमी, तुमची हिंमत कमी. आम्ही तर दवंडी दिली होती.

आता मला माहीत आहे तुम्ही कशाची वाट बघताय. आख्यान आहे ना! म्हणजे शेवटी देव यायला हवा. गड्याचं रूप घेऊन, पाहुण्याचं रूप घेऊन यायला हवा आणि पोरीला हाताला धरून आत न्यायला हवं. नाही आला. मी फार शोधला त्याला या गोष्टीत. आणि मग कळलं, की तो तीनदा येऊन दारात उभा राहिला होता! वत्सलाबाईंच्या तोंडी एक प्रश्न येणार होता, 'कौसा, तू कशासाठी आलीस?' तोच देव होता. पण पोळी करपत होती. गणपतच्या तोंडी येणार होता, चादर मध्ये आली. माईसाहेबांच्या तर तोंडातून बाहेरसुद्धा पडला! पण उत्तर येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. देव आला, आणि एका श्वासाएवढी उसंत मिळेना म्हणून परत गेला.

तुमच्या मागल्या दारी कोण येतं? भांडी घासायला येणाऱ्या बाईबरोबर एक पोर येतं ना सुट्टीच्या दिवशी, कोपऱ्यात बसून तुमच्या मुलांची जुनी पुस्तकं चाळतं? तुम्ही त्याला बिस्किट देता. द्या, बिस्किट वाईट नाही. कितवीत आहेस, पुढं काय करणार, हे कधी विचारलंत? आणि विचारून उत्तर येईस्तोवर उभे राहिलात? की गॅसवर दूध होतं?

नका मान खाली घालू. खाली मान घालून काही होत नाही. वर बघा, माझ्याकडं नको, मागं बघा. हो, वळा सगळे. मी मघापासून बघतोय. मंडपात सतरंज्या अंथरल्यात, इथं माझ्या पुढ्यात अजून पन्नास माणसं बसतील एवढी जागा रिकामी आहे. आणि तिथं बाहेर, चपलांपाशी, दहा-पंधरा बायाबापड्या उभ्यानं ऐकताहेत. मंडप उघडा आहे, कुणी अडवलेलं नाही! या हो माउली, पुढं या. या ना, बसा इथं.

बघितलंत? हसल्या, पदर तोंडाला लावला, आणि उभ्याच राहिल्या. मी बोलावलं, तरी नाही आल्या.

आता उठा तुम्ही. माईकवरून बोलावून नाही भागत, हे कळलं ना? उठा वकीलसाहेब, उठा वहिनी. जा तिथवर, हाताला धरा, आणि आपल्या शेजारी आणून बसवा. नाव विचारा, आणि नाव सांगेपर्यंत थांबा. पेटीवाले, टाळकरी, कुणी हात लावायचा नाही वाद्याला. ती जागा भरेपर्यंत मी गजर सुरू करणार नाही. विठ्ठल ताटकळला तरी चालेल, त्याला सवय आहे. मी उभा आहे इथंच.